मायची हत्यारं

गेल्या महिन्यात आमच्या टोळीनं एक कंटेनर भरला. वीस फुटी. खोकी दिसायला लहान, पण उचलली की कंबर आवाज करायची. मुकादम ओरडत होता, "जपून रे, बाहेरदेशी जाणारा माल हाय." तरी एक खोकं घसरलंच. कोपरा फुटला आणि आतून कागदात गुंडाळलेला काळा, गोल, जाड ऐवज बाहेर आला.

तवा होता. बिडाचा तवा.

खोक्यावर चित्र – गोरी बाई, पांढरं स्वयंपाकघर, एक हिरवं पान. आणि इंग्रजीत लिहिलेलं की हा तवा तब्येतीला चांगला, आधीच तेल पाजून तयार केलेला. पाळी सुटल्यावर मोबाइलवर तसल्याच तव्याचा भाव बघितला. माझ्या तीन पाळ्यांची मजुरी! मी हसायला लागलो. शेजारच्यानं विचारलं, काय झालं बे? म्हटलं, काही नाही, माझी माय लई श्रीमंत आहे, ते आज कळलं.

दोस्तांनो, मी गोदीत हमाली करतो. दहावी पास आहे, बाप त्याला मॅट्रिक म्हणायचा. कविता लिहितो. या अंकासाठी संपादकांनी कविताच मागितली होती. ती देत नाही. का देत नाही, ते पुढं येईल. आज स्वयंपाकघरातल्या हत्यारांवर लिहितो. गोदीत आम्ही हुकालाही हत्यार म्हणतो आणि पहारीलाही. मग तवा, पाटा, विळी, सूप ही काय खेळणी आहेत? नाकं मुरडू नका. आपल्या पोरांना वाटतं, लढाई रस्त्यावर होते आणि भाकर घरात आपोआप होते. त्या आपोआपबद्दलच बोलायचंय.

तर तवा. मायचा तवा बिडाचा नाही, ठोकलेल्या लोखंडाचा आहे. बीडकडं आमच्या गावाबाहेर दिवाळीनंतर घिसाड्यांची पालं पडायची. बाई भाता ओढायची, बाप्या सांडशीत लोखंड धरायचा आणि दुसरी बाई घण मारायची. पोटुशी असली तरी मारायची. मायनं तो तवा पायलीभर जवारी देऊन घेतला. लग्नानंतरची तिची पहिली स्वतःची खरेदी. मुंबईला आलो तेव्हा अंथरुणाच्या वळकटीत तोच गुंडाळून आणला. आज तो मधे खोलगट झालाय, काठ झिजलाय. पण त्याच्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला की पापुद्रा असा सुटतो की बघत राहावं.

आता कुणी विचारील, या लोखंडात खरंच काही आहे का, की नुसती जाहिरात? आहे. मी वाचनालयात बसून वाचलंय, आणि कामगाराला वाचता येतं यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी स्वतः जाऊन वाचावं. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातला एक अभ्यास छापून आला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची, आणि लहान पोरांचं रक्त तपासलं. लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्यांचं रक्त जास्त सुधारलं. कारण सरळ आहे. भांड्यातलं थोडं लोखंड अन्नात उतरतं. आंबट असेल तर जास्त उतरतं, जास्त वेळ शिजलं तर आणखी जास्त. म्हणून चुक्याची भाजी लोखंडी कढईत काळी पडते. ती शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. कढईत ठेवली तर तोंडाला लोखंडाची चव येते. वरून लिंबू पिळायचं, त्यानं लोखंड अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा ढोसायचा नाही, त्यानं अंगी लागत नाही. शेवटची गोष्ट आमच्या टोळीतल्या एकालाही पटलेली नाही. मलाही अजून जमलेली नाही.

आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या 57 बायांचं रक्त कमी निघालं. शंभरात सत्तावन्न! आणि आधीच्या पाहणीत, 2015-16 साली, 53 होत्या. म्हणजे आकडा चढला. मग मला प्रश्न पडला, माझ्या मायच्या घरात जन्मभर लोखंडी तवा, लोखंडी कढई, तरी नाक्यावरच्या दवाखान्यात तिचं रक्त कमी का निघालं?

उत्तर सोपं आहे, फक्त खोक्यावर छापता येत नाही. तवा रिकामा असेल तर तव्यातून काय उतरणार? सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली अर्धी भाकर आणि तव्याच्या कडेची करपलेली चटणी – त्यातून किती लोखंड अंगात जाणार? बाप जेवला, आम्ही जेवलो, पाहुणा आला तर पाहुणा जेवला. माय शेवटी. तिनं तवा घासून पालथा घातला की आम्ही समजायचो, माय जेवली. कुणी बघितलं होतं?

म्हणून म्हणतो, आरोग्याचं पहिलं हत्यार तवा नाही. पहिलं हत्यार पंगत. कोण आधी बसतं आणि कोण शेवटी, हे बदलल्याशिवाय तीन पाळ्यांच्या मजुरीचा तवा आणला काय अन् पायलीभर जवारीचा आणला काय.

आणि ती जवारी तरी कुठंय? आम्ही जवारी-बाजरी-नाचणी खात होतो तेव्हा ते 'भरड' होतं. गव्हाची पोळी ही मोठ्या लोकांची. मग युनोनं 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्याला 'श्री अन्न' असं नाव मिळालं, आणि जवारी एकदम सोवळ्यात गेली. रेशनवर आम्हाला मिळतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. 'श्री' मॉलमध्ये बसलीय, पाकिटात. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आलं, मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या खाण्यावर. ज्याच्या घरात नाही त्यानं आणून वाचावं. आपल्या मायांच्या चुलीवर काय शिजत होतं आणि का शिजत होतं, हे आपल्याच माणसानं लिहिलेलं आहे. स्वयंपाकाच्या बाकी पुस्तकांत आपण नसतोच.

चूल म्हटली आणि मुद्द्यावर आलो.

ती न दिलेली कविता चुलीवर होती. दोन वर्षांपूर्वी लिहिली. तीत मायचा चेहरा जाळानं लाल झालेला, धुरात तिचे डोळे, चुलीच्या आगीतून उद्याची आग वगैरे. तुम्ही अशा शंभर वाचल्या असतील. वस्तीत जयंतीला वाचली, टाळ्या पडल्या, एका कार्यकर्त्यानं मिठी मारली. माय मागं बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "लेकरा, समदं बराबर लिवलंस. पर चूल फुकताना मला खोकला यायचा ते न्हाई लिवलंस."

मी तेव्हा हसलो होतो. गेल्या पावसाळ्यात तिचा श्वास इतका कोंडला की उचलून सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "बिडी ओढते का?" माय म्हणाली, "न्हाई." डॉक्टरला खरं वाटेना. मशेरी? तंबाखू? न्हाई. मग नळीत फुंकायला लावलं. तिला फुंकता येईना. जिनं तीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली, तिला त्या नळीत एक श्वास पुरा सोडता येईना! सीओपीडी, म्हणाला. बिडी न ओढणाऱ्या बाईला हा रोग होतो तो चुलीच्या धुरानं. हेही आता सगळ्या जगाला माहीत आहे. घरातल्या धुरामुळं 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

गावात तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. मुंबईत आल्यावर स्टोव्ह होता, पण रॉकेल संपलं की मागच्या बोळात तीन विटांची चूल. जळण काय? तर बाप गोदीतून आणायचा ती खोक्यांची आणि पॅलेटची लाकडं. आता मी स्वतः गोदीत आहे तेव्हा त्या लाकडांवरचे शिक्के वाचतो. 'एमबी' असा शिक्का असला तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली असते, किडे मारायला. कुणावर रंग, कुणावर सांडलेलं काय काय. वर पेटवण म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही पोरं शेकत बसायचो आणि माय फुंकत बसायची.

म्हणून हायवेवरच्या ढाब्याबाहेर 'चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. गाडीवाले उतरतात, भाकर फोडतात, वाहवा करतात, आणि पुढं जातात. आत जी बाई दिवसभर शेगडीपुढं बसलीय तिच्या छातीचा एक्स-रे कोण काढणार? 'धुरकट चव' म्हणे! ती चव कुणाच्या फुप्फुसातून येते ते एकदा विचारा.

पण मी गाडीवाल्यांना शिव्या देऊन सुटत नाही. आपण कवींनी काय केलं? आपणही चूलच विकली. त्यांनी पैशाला विकली, आपण टाळ्यांना. मायची चूल आपल्याला कवितेत पाहिजे, कारण कवितेत खोकला येत नाही. मी ती कविता फाडली. संपादकांनी माफ करावं.

आणि कुणी म्हणेल, आता कुठं आहे चूल, सगळीकडं गॅस आला. 2016 साली उज्ज्वला आली, सिलिंडर आलं, हे खरं. नाकारायचं कारण नाही. पण त्याच 2019-21 च्या पाहणीत शंभरातली जेमतेम 59 घरं गॅस किंवा तसल्या बिनधुराच्या जळणावर रांधत होती. बाकीची 41 अजून धुरात. गावी चुलतीकडं सिलिंडर आहे, 14.2 किलोचं. त्याच्यावर रुमाल टाकलाय, वर आरसा ठेवलाय. चहापुरतं पेटवते. भरून आणायला रोकड लागते, आणि गोवरीला फक्त बाईची पाठ लागते. घरात बाईची पाठ फुकट धरलेली आहे तोवर गोवरीच स्वस्त पडणार.

माझं सगळ्यात आवडतं हत्यार कोणतं, सांगू? प्रेशर कुकर. हसा. त्याच्यावर कुणी कविता करत नाही, त्याला वारसा नाही, परंपरा नाही, आजीची आठवण नाही. एका फ्रेंच माणसानं, देनी पापँ त्याचं नाव, 1679 साली वाफ कोंडून शिजवायचं भांडं केलं. आपल्याकडं 1910 साली बंगालातल्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. तो दाबाचा नव्हता, कोळशाच्या मंद आचेवर वाफेनं शिजवणारा होता. एकात एक डबे. डाळ, भात, भाजी सगळं लावून माणूस कामाला मोकळा. दाबाचे कुकर आपल्या देशात 1959 च्या सुमारास कारखान्यात बनायला लागले. आमच्या घरात यायला पुढं साठ वर्षं लागली. मी पहिल्या महिन्याच्या पगारातून घेतला, पाच लिटरचा, हप्त्यावर. माय शिट्टीला भ्यायची. पहिल्या दिवशी बाहेर जाऊन बसली.

त्याचं यंत्र साधं आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांला उकळतं, मग कितीही जाळ लावा, त्याच्या वर चढत नाही, नुसती वाफ उडून जाते. झाकण कोंडून दाब वाढवला की तेच पाणी 120 अंशांपर्यंत तापतं. म्हणून जी तूर उघड्या पातेल्यात तासाहून जास्त खाते ती कुकरमध्ये चार शिट्ट्यांत गळते. जळण कमी. पाणी कमी. आणि वेळ! माय दोन घरी धुणीभांडी करायची तेव्हा सकाळचे चाळीस मिनिटं तिच्यासाठी काय होती ते घड्याळ विकणाऱ्यालाही कळणार नाही. कडधान्य भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून मग शिजवलं तर ते पचायलाही हलकं आणि त्यातलं लोखंडही जास्त अंगी लागतं. ते फडकंही हत्यारच. बापाच्या धोतराचा तुकडा आहे आमच्याकडं. मटकीला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. रिंग जुनी झाली की बदला, आणि शिट्टीचं भोक रोज फुंकून बघा. साठ रुपये वाचवायला जाऊन तोंड भाजलेली माणसं माझ्या वस्तीत आहेत.

जर्मलची भांडी मात्र बघून घ्या. आपल्या वस्त्यांत सगळ्यात जास्त तीच, कारण स्वस्त. त्यात चिंच, टोमॅटो, ताक यांचं आंबट शिजवू नये, ठेवू तर नयेच. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत आणखी काय मिसळलंय ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. 2025 साली अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं इशारा काढला की आपल्याकडून गेलेल्या काही हिंडालियम-पितळेच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं. त्यांची माणसं सावध झाली. तीच भांडी आपल्या आठवडी बाजारात किलोवर मिळतात, तिथं इशारा कोण काढणार?

आणि ते काळं गुळगुळीत न चिकटणारं – नॉनस्टिक. त्याची एक गोष्ट आहे. माय ज्या घरी भांडी घासायची तिथं पहिल्यांदा तसला तवा आला. मायनं आपल्या सवयीनं काथ्या आणि राख घेऊन तो लख्ख घासला. जन्मात कुणी तिला सांगितलं नव्हतं की भांडं घासणं हा गुन्हा असतो. तवा गेला. बाईनं पगारातून पैसे कापले, दोन महिने. नंतर बऱ्याच वर्षांनी बातम्या यायला लागल्या. असले तवे करताना वापरत होते त्या पीएफओए नावाच्या रसायनाला 2023 साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातलं. ते रसायन आता बऱ्याच ठिकाणी बंद झालंय, तरी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या पुस्तिकेत सांगितलं की नॉनस्टिक फार तापवू नका, आणि मातीची भांडी सगळ्यात निर्धोक. झालं! बाईनं नॉनस्टिक फेकला आणि लोखंडी तवा आणला. आणि मायला विचारलं, "अगं, हा गंजतोय, तुमच्यात कसं करतात?"

मायनं सगळं शिकवलं. पहिल्यांदा भाताच्या पेजेत रात्रभर बुडवायचा. घासायचा. पुसून चुलीवर कोरडा करायचा. गोडंतेल लावून कांदा घासायचा, करपेपर्यंत. धुऊन परत तेल. तीन दिवस. बाईनं वहीत लिहून घेतलं. मग खुशीत चहा केला आणि मायला दिला – तिच्या कपात. तिचा कप म्हणजे खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेला, कान तुटलेला. बारा वर्षं तो तिथंच होता.

तवा आमचा चालतो, अक्कल आमची चालते, ओठ चालत नाहीत. हेही स्वयंपाकघरातलंच भांडं आहे, आरोग्याच्या यादीत कुणी धरत नाही. 2017 साली पुण्यात एका शिकलेल्या बाईंनी, तीही हवामानाच्या शास्त्रज्ञ, स्वयंपाकीणबाईनं जात लपवली आणि सोवळं मोडलं म्हणून पोलिसात तक्रार दिली होती. त्या स्वयंपाकिणीच्या हाताचं जेवण जेवताना कुणाला काही रोग झाला होता का? पचलं होतं की चांगलं!

माठाचंही तसंच. माठातलं पाणी गार का, तर मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. मेहनत ना वीज. माठ मला आवडतो, घरी दोन आहेत. पण माठाचे गुण मला नव्यानं सांगायला येऊ नका. आमच्या आज्यानं माठ बघितला तो लांबून, वरून ओंजळीत धार धरून. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं ते काय पाणी आरोग्याला चांगलं होतं म्हणून?

आता राहिला पाटा.

पाटा-वरवंटा मला आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. चटणी पाट्यावरची ती पाट्यावरची. मिक्सरचं पातं मिरचीचे तुकडे करतं, पाटा मिरचीला चिरडतो. तेल सुटतं, लसणाचा रस सुटतो, दाणा दाण्यात मुरतो. जवसाची, कारळाची चटणी पाट्यावर वाटली की वरून तेल घालावं लागत नाही, तिचंच सुटतं. गरिबाच्या जेवणातली चरबी म्हणजे ही. पण पाट्यापुढं उकिडवं बसून खांद्यापासून जोर लावावा लागतो. मायचे गुडघे त्यातच गेले, विळीवर आणि पाट्यावर. म्हणून घरात मिक्सर आला तेव्हा मी पाटा विकायला काढला होता. माय म्हणाली, "इकू नगं. मला हुईना, तुला हुतंय की. पन्नास किलोची गोण उचलतूस अन् वरवंटा उचलंना व्हय?"

ही चपराक होती. तेव्हापासून चटणी मी वाटतो. भाकरीही मीच थापतो. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, पीठही जुनं, विरी गेलेलं. मायनं खाटेवरून शिकवलं – जुन्या पिठाला उकळतं पाणी घाल, काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगड, कडा फाटू देऊ नको. पंधरा दिवसांत आली. मी काही जगावेगळं केलं नाही. ते मायनं चाळीस वर्षं केलं तेव्हा कुणी तिच्यावर लेख लिहिला नव्हता.

आणि तुम्हाला विचारतो, माझ्या कार्यकर्त्या मित्रांनो – तुमच्या घरात पाटा कोण वाटतं? बैठकीला दहा माणसं जमतात, समतेवर दोन तास बोलतात, आणि आत वहिनी तिसऱ्यांदा चहा टाकते. कप कोण विसळतं? मोर्च्याला निघताना डबा कोण भरतं? ब्राह्मणशाहीवर बोलताना तुमचा आवाज चढतो, घरातल्या काठवटीपुढं तुमचा हात का चढत नाही? रागावू नका. रागावलात तर या माझ्याकडं, पाटा आहे, वाटता वाटता भांडू.

हे सगळं लिहिताना ध्यानात आलं की या हत्यारांची नावं घेतो, घडवणाऱ्यांची घेत नाही. तवा ठोकणारा घिसाडी – सरकारी यादीत भटका. पाटा घडवणारा वडार – विमुक्त. ज्या जमाती 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि 1952 साली तो कायदा उठला, त्यांना आपल्या राज्यात विमुक्त म्हणतात. सूप आणि टोपली विणणारा बुरूड – अनुसूचित जातीत, आपल्याच यादीत. देशाच्या ताटात सकस अन्न पडावं म्हणून ज्यांनी हत्यारं दिली त्यांच्या नावांची यादी करायला गेलं की ती सरळ गावाबाहेरची यादी होते. आणि 'हाताने घडवलेला पारंपरिक दगडी खल' म्हणून जो दुकानात काचेमागं बसतो त्याची धूळ कुणाच्या छातीत गेली? खाणीतल्या आणि दगडकामातल्या धुळीनं सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. मायच्या धुरासारखाच, फक्त दगडाचा.

गेल्या आठवड्यात टाकीवाली आली होती. "पाटा टाकून घ्या, जातं टाकून घ्या" अशी हाळी हल्ली वर्षातून एकदा येते. पंचविशीची पोरगी, पाठीला झोळीत लेकरू. दाराशी बसली, छिन्नी लावली, पहिला घाव घातला आणि पांढरी धूळ उडाली. आतून माय खोकत खोकत उठली. म्हणाली, "थांब गं. नाकाला पदर बांध." पोरगी हसली, म्हणाली, "बांधला की जीव कोंडतो, मावशी." मग माय मला म्हणाली, "अरं बघतूस काय? पानी वत."

मी माठातला तांब्या भरून घेतला आणि पाट्यावर थेंब थेंब पाणी ओतत बसलो. ओल्या दगडावर धूळ उडत नाही, गाळ होतो. तिनं घाव घालायचे, मी ओतायचं. लेकरू झोळीतून बघत होतं. अर्ध्या तासानं पाट्याचं अंग परत खरखरीत झालं. माय आमच्याच कपांतून तिघांचा चहा घेऊन आली. पैशावरून दोघींची चांगली पंधरा मिनिटं घासाघीस झाली. माय सत्तर म्हणे, ती शंभर म्हणे, मी शंभर दिले तर माय माझ्यावरच उखडली, म्हणाली पंचाण्णवला तयार झाली होती.

गोदीवर पोचायला उशीर झाला. मुकादमानं अर्धा खाडा मांडला. मी डब्यातली चटणी पुढं केली. खाल्ली त्यानं, पण खाडा काही खोडला नाही.